गोष्ट आली, सांगणारा कुठे?

फेब्रुवारी 2025 मध्ये 'छावा' लागला तेव्हा परतूरची पोरं जालन्याला जाऊन पाहून आली. दुसऱ्या दिवशी बस स्टँडसमोर चहा घेताना त्यातल्या एकाने मला विचारलं, "सर, पुस्तकात असंच हाये का हो सगळं?" शिवाजी सावंतांची कादंबरी 1979 ची. मी ती कॉलेजात असताना वाचलेली, तीही ग्रंथालयाची बाइंडिंग सुटलेली प्रत. "थोडंफार," असं म्हणून मी वेळ मारून नेली. घरी येताना मात्र वाटलं की त्याचा प्रश्नच जरा चुकला, आणि माझं उत्तर तर पुरतं चुकलं. शेकडो पानांचं पुस्तक पावणेतीन तासांत 'असंच' कसं बसेल? विचारायचं ते वेगळंच. पुस्तकात ही गोष्ट कोण सांगत होतं, आणि पडद्यावर तो सांगणारा गेला कुठे?

मराठी कादंबरी पडद्यावर जायला लागून शंभर वर्षं उलटली. या शंभर वर्षांकडे या एका प्रश्नाच्या बाजूने पाहिलं, तर कुठले चित्रपट टिकले आणि कुठले नुसतेच गाजले याचा बराचसा उलगडा होतो, असं माझं मत आहे.

सुरुवात कोल्हापुरात झाली. बाबुराव पेंटर यांनी 1923 मध्ये 'सिंहगड' काढला तो हरी नारायण आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीवरून. चित्रपट मूक होता. सांगणाऱ्याचा आवाज आपोआपच गेला, आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नाही, कारण तानाजीची गोष्ट तंबूतल्या प्रत्येकाला पाठ होती. दोन वर्षांनी पेंटरांनीच 'सावकारी पाश' केला. खोट्या कागदावर जमीन गमावलेला शेतकरी त्यात तरुण व्ही. शांतारामांनी उभा केला होता. लेखन नारायण हरी आपटे यांचं. हे आपटे वेगळे. पुष्कळ वाचक दोघांची गल्लत करतात. मराठी सिनेमाने शेतकऱ्याचं कर्ज दाखवलं ते 1925 मध्ये, हे आमच्यासारख्या दुष्काळी पट्ट्यातल्या माणसाने लक्षात ठेवण्यासारखं आहे.

याच नारायण हरी आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून 1937 मध्ये शांतारामांनी 'कुंकू' केला. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा हे लग्न मानायलाच नकार देते. पुस्तकात नीरेच्या मनाची घालमेल लेखक शब्दांत सांगू शकतो. बोलपटात ते सगळं तिला भाषण करून सांगावं लागलं असतं. शांतारामांनी काय केलं, तर पार्श्वसंगीतच काढून टाकलं. घरातलं घड्याळ, भांडी, पावलं, रस्त्यावरचे आवाज एवढंच ऐकू येतं. लेखक जिथे बोलला असता तिथे घर बोलतं. शांता आपटे आणि केशवराव दाते यांच्या अभिनयाचं कौतुक पुष्कळ झालं आणि ते रास्तच आहे. पण आज 'कुंकू' पाहवतो तो या युक्तीमुळे. वि. स. खांडेकरांचा मार्ग याच्या उलटा. ते 'छाया' (1936) पासून थेट पडद्यासाठीच लिहीत होते. त्यामुळे मराठीतल्या सर्वांत लोकप्रिय कादंबरीकारांपैकी एकाची सिनेमाशी असलेली जवळीक रूपांतराच्या हिशेबात फारशी धरता येत नाही.

'श्यामची आई' हे या प्रश्नाचं सर्वांत सोपं आणि सर्वांत अवघड उदाहरण. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 1933 मध्ये काही दिवसांत ते लिहून काढलं. त्यात प्रकरणं नाहीत, 'रात्री' आहेत, बेचाळीस रात्री. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री आईची आठवण सांगतो. आई गेलेली आहे, सांगणारा मोठा झालेला आहे, आणि या दोन गोष्टींमधल्या अंतरातून पुस्तकातलं रडू येतं. आचार्य अत्र्यांनी 1953 मध्ये चित्रपट केला तेव्हा वनमालाबाईंची आई आणि माधव वझे यांचा श्याम एवढे जिवंत होते की अंतर मिटलंच. आई समोर उभी असताना आठवण कशाची? राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी राष्ट्रपतींचं सुवर्णपदक या चित्रपटाला मिळालं. आमच्याकडच्या शाळांतून तो पडदा लावून दाखवत, आणि पोरांबरोबर मास्तरही डोळे पुसत. अत्र्यांनी वर्तमानकाळात केलेली ती एक वेगळीच कलाकृती, आणि ती थोर आहे.

सत्तर वर्षांनी, 2023 मध्ये, सुजय डहाके यांनी तोच विषय कृष्णधवल चित्रणात पुन्हा घेतला आणि ओम भुतकर यांच्या रूपाने थोरले साने गुरुजीच पडद्यावर आणले. ज्याला अत्र्यांनी कडेला ठेवलं होतं, तो सांगणारा परत आला. तिकीटबारीवर अत्र्यांची सर त्याला येणं शक्यच नव्हतं. पण पुस्तकाची बांधणी या दुसऱ्या चित्रपटाने जास्त ओळखली, असं म्हणायला मला संकोच वाटत नाही.

साठच्या दशकात अण्णा भाऊ साठ्यांच्या कादंबऱ्या एकामागून एक पडद्यावर गेल्या. 'वैजयंता' 1961 मध्ये, 'फकिरा' 1963 मध्ये, पुढे 'वारणेचा वाघ'. अण्णा भाऊंचं निवेदन मुळातच शाहिराचं, डफावर थाप मारून सांगितल्यासारखं. पडद्यावर तमाशा आला, मारामाऱ्या आल्या, शाहीर मात्र बाहेरच राहिला. या चित्रपटांवर आज कुणी नीट लिहायला हवं, इथे एवढंच.

खरी मेजवानी सत्तरच्या दशकाच्या शेवटाला आहे, आणि तिचं श्रेय जब्बार पटेलांना. पाच वर्षांत त्यांनी मराठी कादंबऱ्यांवर तीन चित्रपट केले आणि तिन्हींत सांगणाऱ्याचा प्रश्न वेगवेगळ्या रीतीने सोडवला. दुसऱ्या कुणाला हे एकदाही नीट साधलं असतं तरी पुरे होतं.

पहिला 'जैत रे जैत' (1977). गो. नी. दांडेकरांची कादंबरी कर्नाळ्याच्या परिसरातल्या ठाकरांची. नाग्याला पुण्यवंत व्हायचं आहे. राणीमाशी त्याचा डोळा घेते, आणि मग तो लिंगोबाच्या सुळक्यावरच्या पोळ्यांशी दावा मांडतो. गोनीदांची लेखणी लडिवाळ, डोंगरातल्या झाडा-पाखरांना नावानिशी हाका मारणारी. ती पडद्यावर कशी आणायची? इथे गाणी आली. ना. धों. महानोरांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. एरवी आपल्या सिनेमात गाणं सुरू झालं की गोष्ट थांबते. इथे गाणंच गोष्ट सांगतं आणि बोलकी दृश्यं त्याच्यामागून चालतात. महानोर पळसखेडचे, म्हणजे मराठवाड्याचे. सह्याद्रीतल्या ठाकरांची गोष्ट अजिंठ्याच्या पायथ्याच्या शेतकऱ्याने गायली आणि कुणाला ती परकी वाटली नाही, याचा आम्हां मराठवाड्यातल्या लोकांना जो अभिमान आहे तो मी लपवत नाही.

दुसरा 'सिंहासन' (1979). अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या, 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन'. एकीत महानगर, दुसरीत मंत्रालय. विजय तेंडुलकरांनी पटकथा करताना दोन्हींची वीण एकत्र घातली. एवढी पात्रं, एवढे कट. प्रेक्षकाने कुणाचं बोट धरायचं? तेंडुलकरांनी दिगू टिपणीस या पत्रकाराचं बोट दिलं. निळू फुले एरवी पडद्यावर आले की बायाबापड्या बोटं मोडत. इथे ते गप्प बसून बघतात, सिगारेट ओढतात, एखादा खोचक प्रश्न विचारतात. मुख्यमंत्री अरुण सरनाईक, अर्थमंत्री श्रीराम लागू, कामगार नेता सतीश दुभाषी असे तालेवार नट असताना चित्रपट दिगूचा होतो, कारण आपण त्याच्या डोळ्यांनी बघतो. शेवटी सगळी फिरवाफिरव झाल्यावर तो हसत सुटतो. कादंबरीकाराने दोन पुस्तकांत मिळून जे सांगितलं त्याचा अर्क त्या हसण्यात उतरला आहे. आमच्या तालुक्याच्या राजकारणात एका रात्रीत कुणी पक्ष बदलला की आजही चावडीवर कुणीतरी 'सिंहासन'चं नाव घेतंच.

तिसरा 'उंबरठा' (1982). शांता निसळ यांची कादंबरी 'बेघर'. महिला आश्रमात नोकरीसाठी घराबाहेर पडलेली बाई. नाव बदललं तेवढ्यानेच दृष्टी बदलली. 'बेघर' म्हणजे घर गमावलेली. 'उंबरठा' म्हणजे आत-बाहेरच्या मधोमध उभी. स्मिता पाटील यांचा चेहरा त्या मधल्या जागेत दोन तास उभा राहतो आणि निवेदकाची उणीव भासत नाही.

त्याच काळात चिं. त्र्यं. खानोलकरांच्या 'चानी'वर शांतारामांनी आणि 'कोंडुरा'वर श्याम बेनेगलांनी हात टाकला. बेनेगलांचा 'कोंडुरा' हिंदीत आणि तेलुगूत झाला. कोकणातली ती गूढ, ओलसर भाषा भाषांतरात वाळून गेली, तरी भीती उरली. जयवंत दळवींची 'चक्र' 1981 मध्ये हिंदीतच गेली. रणजित देसाईंच्या 'राजा रविवर्मा'वरून केतन मेहतांनी 'रंगरसिया' केला, ना. सं. इनामदारांच्या 'राऊ'वरून संजय लीला भन्साळींनी 2015 मध्ये 'बाजीराव मस्तानी', आणि आता 'छावा'. मराठी कादंबरीला मोठा पैसा मिळतो तो हिंदीत गेल्यावर. भव्यता येते, घोडे येतात, महाल येतात. इनामदारांच्या बाजीरावाचं घरगुती दुखणं मात्र आरसेमहालात हरवतं. उलट दिशेचंही एक उदाहरण आहे. 'पिंजरा' (1972) मुळात हाइनरिख मान यांच्या जर्मन कादंबरीवर निघालेल्या जर्मन चित्रपटावरून आला, आणि शांतारामांनी तो फडावर असा रुजवला की आमच्याकडे कुणाला त्याचं मूळ सांगितलं तर खोटं वाटतं.

आता 'बनगरवाडी'. व्यंकटेश माडगूळकरांची ही 1955 ची छोटीशी कादंबरी माझ्या मते मराठीतल्या पहिल्या पाचांत बसते. अमोल पालेकरांनी 1995 मध्ये तिच्यावर चित्रपट केला आणि त्याला उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मेंढरं, माळ, कारभारी, तालीम बांधण्याची धडपड, मग दुष्काळ आणि ओस पडलेली वाडी, सगळं प्रामाणिकपणे आलं आहे. तरी पुस्तक मिटल्यावर जे वाटतं ते चित्रपट संपल्यावर वाटत नाही. पुस्तकात 'मी' म्हणणारा तरुण मास्तर आहे. तो थोडा भित्रा, थोडा भाबडा, आणि त्याच्या प्रत्येक साध्या वाक्यामागे तो लोकांना समजून घेतोय हे आपल्याला दिसतं. पडद्यावर तो मास्तर आपल्यासमोर येऊन उभा राहिला. आपण त्याच्या आत होतो, ते बाहेर आलो. तो आपल्यासारखाच एक बघ्या झाला. कोरडवाहू मुलखात वाढलेल्या मला त्या माळाचे रंग पाहून गहिवरून आलं. पण गहिवर माळाचा होता, मास्तरचा नव्हता.

दूरदर्शनचं गणित निराळं. तिथे वेळ भरपूर. 'स्वामी' ही रणजित देसाईंची 1962 ची कादंबरी गजानन जागीरदारांनी मालिकेत आणली तेव्हा आमच्या गल्लीत एकच टीव्ही होता. मालिका सुरू व्हायची वेळ झाली की एक जण माळवदावर चढून अँटेना फिरवी आणि खालून दुसरा ओरडे, "आलं, आलं, आता हलवू नको!" मुंग्यांच्या पडद्यामागे रवींद्र मंकणींचे माधवराव आणि मृणाल देव यांच्या रमाबाई. देसाईंची भाषा नटवी आहे, तिच्यात संवाद फार. तेच मालिकेच्या पथ्यावर पडलं. कादंबरी जवळजवळ नाटकासारखी बोलत होतीच. छोट्या पडद्याने तिला नुसती बैठक दिली. ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या'ही असाच घराघरात गेला. पुढे 'अल्फा मराठी'वर 'पिंपळपान'सारखा साहित्यकृतींवरचा प्रयत्न झाला. नंतर मालिकांना रोजचा रतीब घालायची सवय लागली. कादंबरीला शेवट असतो, आणि शेवट असलेली गोष्ट वाहिन्यांच्या कामाची राहिली नाही. अलीकडे वेब मालिकांमुळे शेवटाला पुन्हा किंमत आली. सुहास शिरवळकरांची 'समांतर' 2020 मध्ये तिथेच आली.

शिरवळकरांचं नाव निघालं म्हणून 'दुनियादारी'. कादंबरी 1982 ची, संजय जाधव यांचा चित्रपट 2013 चा. आमच्या कॉलेजच्या पोरांनी तो चार-चारदा पाहिला. त्यांना मजा आली, मला नाही. पुस्तकात कट्टा असूनही माणूस एकटा आहे. पडद्यावर कट्टा उरला, एकटेपणा गेला. गाजणं आणि कळणं या दोन गोष्टींची इथे चांगलीच फारकत झाली. याच्या आसपासचे तीन चित्रपट मात्र उजवे. राजन गवसांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्या आणि चारुता सागरांची 'दर्शन' ही कथा एकत्र करून राजीव पाटलांनी 'जोगवा' केला. 'सिंहासन'चाच हा मार्ग, फक्त इथे बोट धरायला पत्रकार नाही, चौंडकं आहे. अजय-अतुल यांच्या संगीतात ते वाद्य स्वतःच कहाणी सांगतं. 'नटरंग'मध्ये आनंद यादवांच्या कादंबरीतल्या गुणा या पैलवानाची फरफट अतुल कुलकर्णींनी शरीरातून मांडली. पैलवानाचा नाच्या होताना खांदे, मान, मनगट कसं बदलतं ते बघत राहावं. मिलिंद बोकीलांच्या 'शाळा'त आणीबाणीच्या दिवसांतला मुकुंद जोशी स्वतःशीच फुशारक्या मारत बोलतो. डहाकेंच्या चित्रपटात मुकुंदाला आवडणाऱ्या शिरोडकरची मान वळवणं आलं, वर्गातली गंमत आली, पण मुकुंदाच्या थापा थोड्याच आल्या. बारा वर्षांनी त्याच दिग्दर्शकाने साने गुरुजींना पडद्यावर जागा दिली, त्यात मला या उणिवेचं उत्तर दिसतं. हा माझा तर्क आहे, त्यांनी तसं कुठे म्हटलेलं नाही.

आणि आमचा मुलूख? स्टुडिओ कोल्हापुरात, पुण्यात, मुंबईत. 'कुंकू' पुण्यात तयार होत होता तेव्हा आम्ही निजामाच्या राज्यात होतो, आणि कचेरीची भाषा उर्दू होती. सिनेमातल्या खेडुताची भाषा म्हणून कोल्हापुरी बोलीच रूढ झाली, ती आजतागायत. आमचं जालना-परभणीचं माणूस "काय करू राह्यला" म्हणतं, लातूर-नांदेडकडे "काय करलालास" म्हणतात. पडद्यावर दोघांच्याही तोंडी "काय करतुयास" घातलं की चालतं, असा समज.

म्हणून 'दशक्रिया' (2017) महत्त्वाचा. बाबा भांडांची कादंबरी पैठणच्या घाटावरची. तीच गोदावरी पुढे आमच्या जिल्ह्याच्या दक्षिण हद्दीवरून वाहते. नदीतली राख चाळून नाणी शोधणारा भान्या हा पोरगा चित्रपटाचा डोळा झाला. मरण हा ज्यांचा धंदा आहे त्या मोठ्यांकडे आपण त्याच्या उंचीवरून बघतो. पटकथेसाठी संजय कृष्णाजी पाटलांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो याच कामाचा, असं मी समजतो. प्रदर्शनाच्या वेळी विरोध झाला, वाद झाला. वादात कादंबरीचं नाव निघालं, ती वाचल्याची खूण मात्र फार कमी जणांच्या बोलण्यात होती.

मंठ्याच्या पुढे लोणार लागलं की बुलढाणा जिल्हा सुरू होतो. तिथल्या सदानंद देशमुखांची 'बारोमास' ही शिकून बेकार राहिलेल्या एकनाथची, म्हणजे आमच्या प्रत्येक गावातल्या निम्म्या पोरांची कादंबरी. तिला 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि 2012 मध्ये धीरज मेश्राम यांनी चित्रपट केला, हिंदीत. हेतू चांगला, नट चांगले. पण त्या घरातली भांडणं वऱ्हाडीत होतात, तेव्हा शिव्यांतही माया असते. हिंदीत नुसतं भांडण उरतं.

रा. रं. बोराड्यांची 'पाचोळा' (1971) तर आणखी अवघड. शिंप्याची बायको स्वतःच्या बोलीत घर मोडल्याची हकिगत सांगते. त्या बाईचा आवाज वजा केला तर गोष्ट दहा ओळींची. तिच्यावर चित्रपट करणाऱ्याला आधी तिचं बोलणं ठेवायचं कुठे हे ठरवावं लागेल, मग नट, मग गाव.

आणि बी. रघुनाथ. परतूरहून सेलूकडे जाताना लागणारं सातोना हे त्यांचं जन्मगाव. जन्म 15 ऑगस्ट 1913, परभणीत मृत्यू 7 सप्टेंबर 1953. निजामाच्या बांधकाम खात्यात कारकुनी करत त्यांनी 'बाबू दडके' (1944), 'म्हणे लढाई संपली' (1946), 'जगाला कळले पाहिजे' (1949) लिहिल्या. 'आडगावचे चौधरी' त्यांच्या मागे, 1954 मध्ये आली. निजामी अमलातला मराठवाडा आतून बघायचा तर ही पुस्तकं हवीत. त्यांचं निवेदन तिरकस, मधूनच कवितेत शिरणारं. त्यांच्या नावाने परभणीत सभागृह आहे, संभाजीनगरात दर सप्टेंबरला कार्यक्रम होतात. पडद्यावर मला ते अजून भेटलेले नाहीत.

त्या 'छावा'वाल्या पोराला मी 'आडगावचे चौधरी' वाचायला दिली. तो मोबाइलवर लघुपट करतो, लग्नांचं शूटिंग करून कॅमेऱ्याचे हप्ते फेडतो. पंधरा दिवसांनी पुस्तक परत द्यायला आला तेव्हा त्याने गोष्टीबद्दल काही विचारलं नाही. "सर, असे वाडे आता कुठं भेटतील?" एवढंच म्हणाला. आम्ही दोघं मग जुन्या गावातून फिरलो. माळवदाची घरं मोजली. सात भरली, त्यातल्या दोनांवर पत्रे पडलेले. आठवं गेल्या पावसाळ्यापर्यंत उभं होतं.